धाकटीचा पसंतीक्रम

धाकटीचा कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्सचा तीन वर्षांचा कोर्स संपला आणि घरातला प्रत्येक जण रातोरात शिक्षणतज्ज्ञ झाला. पुढच्या प्रवेशाचा फॉर्म वेबसाइटवर भरायचा होता. आठ अभ्यासक्रम, पसंतीच्या क्रमानं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. एकदा फॉर्म कायम केला की बदल नाही.

धाकटीनं सोमवारी एक नंबरवर टाकलं वाहतूक नियोजन. मंगळवारी उघडून बघते तर ते थेट आठव्या नंबरवर, आणि वर कॉम्प्युटरचीच मास्टर्स ठाण मांडून बसलेली.

यात चमत्कार काही नव्हता. घरात सगळ्याचा पासवर्ड एकच, आणि तोही विसरायला नको म्हणून बाबांनी फ्रिजच्या दारावर चिकटवलेला. त्यात वेबसाइट भलती चोंबडी. फॉर्म कधी बदलला, याची मिनिटासकट नोंद ठेवायची. सकाळी सहा दहा म्हणजे बाबा, चहाच्या आधी; मास्टर्स त्यांची. दुपारी एक वीस म्हणजे विमा विकणारे काका, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी मॅनेजमेंट वर नेलं, कारण मॅनेजरला काम करावं लागत नाही, करून घ्यावं लागतं, असा त्यांचा अनुभव होता. संध्याकाळी साडेसात म्हणजे दादा. या पठ्ठ्यानं सायबर सुरक्षा वर चढवली. सायबर सुरक्षा, आणि तीही दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये शिरून.

धाकटीला हे बसचं वेड लागलं शेवटच्या वर्षी. प्रोजेक्ट म्हणून तिनं वेळापत्रक बनवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि ऐटीत बस डेपोत नेला. तिथल्या वेळापत्रकवाल्या बाईंनी तो शांतपणे पाहिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त यात ड्रायव्हर लघवीला कधी जाणार?"

धाकटीचं विमान धाडकन जमिनीवर आलं. त्या बाई टेबलाएवढ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी एकेका गाडीची रेघ मारायच्या. शाळा कधी सुटते, कारखान्याची पाळी कधी बदलते, सगळं त्या रेघांत असायचं. धाकटी दोन महिने त्या टेबलापासून हलली नाही. आपल्याला हेच करायचंय, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच पक्कं कळलं होतं.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून आता बस मोजणार?" काकांनी, कंडक्टरच्याही जागा निघतात, अशी मोलाची भर घातली.

आता पासवर्ड बदलायला तिला दहा सेकंद पुरले असते. तीन वर्षं दुसरं काय शिकली होती ती? पण तिनं बदलला नाही, आणि याची तिला स्वतःचीच लाज वाटत होती. एखाद्या सकाळी पान उघडावं आणि आपण हात न लावता वाहतूक नियोजन वर आलेलं दिसावं, अशी खुळी आशा तिला होती. म्हणून ती रोज ते वर न्यायची, घरचे रोज खाली उतरवायचे.

शुक्रवारी पाचला पाच कमी असताना तिनं पान उघडलं. शेवटचा बदल दुपारी सव्वातीनचा. वाहतूक नियोजन दोन नंबरवर, मास्टर्सच्या खालोखाल. सव्वातीनला घरात एकटे बाबा होते.

धाकटीला गलबलून आलं आणि मागोमाग रागही आला. पहिल्याला प्रवेश मिळाला की दुसऱ्याला कोण विचारतो? तिनं ते उचलून एकवर ठेवलं आणि फॉर्म कायम करायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. पाच मिनिटांत भरा.'

मोबाइल बाबांचा होता. ती लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, ओटीपी आलाय तो सांगा."

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. बँकवाले रोज बजावतात."

"मी कुणीही नाहीये."

हे त्यांना पटलं असावं. त्यांनी फोन हातभर लांब धरला. "चार. नऊ. शून्य. दोन. दोन." मग थांबले. "एक नंबरवर काय आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. एकच आकडा राहिला होता.

"वाहतूक नियोजन," ती म्हणाली. "तुमचं दोनवर ठेवलंय."

स्वयंपाकघरात आईनं नळ बंद केला.

"ती माझी चौदा नंबरची बस," बाबा म्हणाले. "पाऊण तास येत नाही, मग दोन एकदम येतात. वीस वर्षं बघतोय. का होतं गं असं?"

"पहिलीला थोडा उशीर झाला की स्टॉपवर माणसं वाढतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागची रिकामीच असते, ती येऊन हिला गाठते."

"म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही?"

"नाही."

"वीस वर्षं शिव्या घालतोय मी त्यांना."

"अहो, पाचला मिनिटभर राहिलंय," आई आतून म्हणाली.

बाबांनी फोन पुन्हा लांब धरला.

"सात," ते म्हणाले.