तीन नळ्या आणि एक ओले फडके

मित्रांनो, मी एक जुनी, दोन टबांची वॉशिंग मशीन आहे. एका टबात कपडे धुते, दुसऱ्यात पिळून काढते. 'जुनी' हा शब्द मी मुद्दाम ताठ मानेने उच्चारते. का, ते ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग दुधासारखा होता आणि आवाज मांजराच्या गुरगुरण्यासारखा. टेम्पोत दोरांनी बांधलेली, उभ्याउभ्या मी या दोन खोल्यांच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक शिलाई मशीन होती, पायाने चालवायची. वयाने माझी थोरली बहीणच. तिच्यावर कपडे शिवणाऱ्या घरच्या सुनेला सारी गल्ली 'टेलरबाई' म्हणे. मला न्हाणीघराच्या दाराशी जागा मिळाली.

पहिली वर्षे कौतुकात गेली. टेलरबाईंच्या सासूबाई शेजारणींना बोलावून माझे झाकण उघडून दाखवत. "बघा, हात ओला न करता!" पुढे सवय झाली, आणि सवय झाली की कौतुक आटते. माझ्या डोक्यावर बादल्या चढल्या, साबणाचे डबे चढले. खिशांतल्या पेन्सिली, पिना, एकदा तर अख्खा चमचा मी पोटात घेतला, पण ब्र काढला नाही. घरात बाळ आले आणि दिवसाला वीस-वीस दुपटी माझ्या वाट्याला आली. तीही आनंदाने धुतली.

नवव्या वर्षी एका सकाळी टेलरबाईंनी बटण फिरवले आणि मी नुसतीच 'घूंऽऽ' करत राहिले. पोटातली चकती हलेना. मेकॅनिक आला. त्याने मला हातही लावला नाही. दारातूनच आवाज ऐकून म्हणाला, "मोटर गेली. नवीन घ्या." आणि आल्या पावली जिना उतरला.

वेळ मोठी अडचणीची होती. टेलरबाईंनी एका शाळेचे तीस गणवेश शिवायला घेतले होते. एवढे मोठे काम त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते. शाळा उघडायला बारा दिवस उरलेले. कापड बेतून तयार होते, पण दुपटी धुता धुता दुपार सरायची. सासूबाईंची बोटे सुजली. शेवटी टेलरबाई म्हणाल्या, "नाही जमणार. उद्या शाळेला नकार कळवते."

त्यांचे यजमान बस चालवत. त्यांनी मान हलवली. "उद्या संध्याकाळी भंगारवालाही येतोय. जागा तरी मोकळी होईल."

ते ऐकून माझ्या पत्र्यावर काटा आला, मित्रांनो!

त्याच दुपारी शिलाई मशीनचा पट्टा सुटला. टेलरबाईंचे पाय चालू, खालचे चाक चालू, सुई मात्र जागच्या जागी. त्या एकदम थांबल्या. उठून माझ्याकडे आल्या, बटण फिरवले आणि माझ्या पाठीला कान लावला.

"आई, हिची मोटर कुठे गेलीय? मोटर फिरतेय की! पट्टा सुटलाय हिचा."

"अगं, तू कपडे शिवतेस, मशिनी नव्हे," यजमान हसले.

"अहो, उसवायचं काम दोन्हीकडे सारखंच. घाई केली की फाटतं."

पहिल्यांदा त्यांनी माझा प्लग काढला. मग मला फिरवून पाठीमागचा पत्रा उतरवला. स्क्रू बटणांच्या डबीत ठेवले. माझा पट्टा खरेच ताणून सैल झाला होता आणि तळाशी पडला होता. त्याच्यापर्यंत हात पोचायला तीन काळ्या रबरी नळ्या काढाव्या लागणार होत्या. दिसायला तिन्ही सारख्या. पण टेलरबाई कापडाला हात लावतात तो खूण करूनच. त्यांनी खडूने प्रत्येक नळीवर आणि ती जिथे बसते त्या तोंडाशी खुणा केल्या: एक रेघ, दोन रेघा, फुली. डावी बाही, उजवी बाही यांवर करतात तशाच. मग नळ्या काढल्या, पट्ट्याच्या चाकांभोवती टेप फिरवून माप घेतले आणि यजमानांना दुकानात पिटाळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा पट्टा आला. टेलरबाई हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या आणि थिजल्या. माझी पाठ आरशासारखी लखलखत होती.

"आई! खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा? खडू सांडला होता, तो पुसला. म्हटलं, एवढी उघडलीच आहे तर नऊ वर्षांची धूळ काढावी." सासूबाईंच्या हातात ओले फडके होते.

टेलरबाई मटकन खाली बसल्या. एक नळी चुकली तर पाणी थेट मोटरवर पडणार. संध्याकाळी भंगारवाला दारात. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. काहीतरी करावे म्हणून त्यांनी एक नळी उचलली, सरळ करायला गेल्या. नळी पुन्हा वाकली.

"अगं ए, ही बघ, सरळच होत नाही. चादर कितीही झटक, जुन्या घडीवरच दुमडते ना? हिलाही घडी पडलीय!"

टेलरबाई ताडकन उठल्या. ती नळी पहिल्या तोंडाशी धरली. ती रुसल्यासारखी तोंड फिरवू लागली. दुसऱ्या तोंडाशी धरली आणि ती आपसूक जाऊन बसली. दुसरी बसली. तिसरीही. लगेच तिन्हींवर नव्या खुणा झाल्या, नळ्या उतरल्या आणि आधी पट्टा चढला. टेलरबाईंनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, बोटभर दबला. शिलाई मशीनचा ठेवतात तसाच. मग खुणांवरून नळ्या परत बसवल्या.

आधी नुसते पाणी भरले. सासूबाई कोरडे फडके घेऊन जमिनीवर आडव्या झाल्या.

"थेंब नाही! एक थेंब नाही, सूनबाई!"

मग प्लग लागला, बटण फिरले. चकती गरगर फिरली, आणि मित्रांनो, मी अशी गायले की बाळ टाळ्या पिटू लागले.

भंगारवाला जिना चढून आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "ही तर चालतेय. मग मला बोलावलंत कशाला?"

"रिकाम्या हाती नाही पाठवणार," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातावर जुना पट्टा ठेवला. "हे घ्या भंगार."

तिसावा गणवेश शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी इस्त्री होऊन गेला.

आमच्यापैकी कुणाचा आवाज बदलला तर 'गेली' म्हणण्याआधी जवळ येऊन ऐका, मित्रांनो. आणि तेवढे खिसे झटकत जा! माझे म्हणाल, तर आता माझ्या तिन्ही नळ्यांना टेलरबाईंनी तीन रंगांचे दोरे बांधलेत. ओल्या फडक्याने न पुसले जाणारे. बाहेरून ते दिसत नाहीत, पण प्रत्येक धुण्याला पाठीत थरथरतात, आणि मला वाटते, माझ्या अंगावर पदके रुळताहेत.