रामकिसनचा कॉम्प्युटर आणि खंडेनवमीची आरती

मंगळवारी दुपारी तहसील कचेरीच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे चपला बाहेर काढून उभे. दाखल्यासाठी आलेली माणसं खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. मेलेल्या रामकिसनच्या कॉम्प्युटरवर, कीबोर्डला कुणाचं बोटही न लागता, अक्षरं उमटत होती.

‘सत्यभामा, मी इथंच हाय.’

"देह गेला, पण डाटा राहिला!" बलभीम महाराजांनी मॉनिटरवर भस्म उडवलं. "आत्मा हार्डडिस्कमंदी अडकलाय. वायरिंगमधून फिरतोय बिचारा."

"लई उकडत असंल," शिपाई महांतप्पा हळहळला. "त्या डब्याचा पंखासुद्धा बंद हाय."

सत्यभामा रामकिसनच्याच खुर्चीत बसली होती. नवरा गेल्यावर अनुकंपेवर नोकरी मिळाली, तिच्याबरोबर खुर्चीही आली. तो गेल्यापासून तिच्या आत काही हलत नव्हतं. जेवलं की पोट भरायचं, दिवा लावला की दिवस संपायचा. आता नवरा पडद्यावर बोलत होता, तरी हलेना. एवढंच मनात आलं, की या माणसानं जन्मात कधी आपलं नाव घेतलं नाही. ‘अगं, ऐकलं का’ याच्यापुढं गाडी गेली नव्हती. मेल्यावर धीट झाला असेल.

पुढची ओळ आली: ‘चन्नम्माच्या रानाचा फेरफार मल्लेशच्या नावे कर. मग मी सुटलो.’

मल्लेश जमिनीचा दलाल. तो तेवढ्यात बाहेरच्या जीपमधून उतरून आला आणि त्यानं दारातच डोळे पुसले.

"मी माझं रान कुणाला दिलं न्हाय," दाराशी उभी असलेली चन्नम्मा म्हातारी म्हणाली. "मेलेला माणूस कसा काय देतो?"

"आज्जी, आत्म्यासमोर वाद घालू नये," साहेब म्हणाले. मग सत्यभामाकडं वळले. "बाई, नोंद तुमच्या लॉगिनला आहे. शुक्रवारी अंगठा लावून टाका. तेही सुटतील, आपणही सुटू."

मधल्या दिवसांत धाराशिवला सायबर सुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण होतं. कुणालाच जायचं नव्हतं. म्हणून सत्यभामाचं नाव गेलं.

शिकवायला अर्पिता मॅडम होत्या. "विंचू हातावर घेऊन बघत नाहीत, काचेच्या बरणीत टाकून बघतात," त्या म्हणाल्या. "संशयाच्या फाइलचंही तसंच. कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा आणि फाइल त्यात सोडायची. मग नुसतं बघायचं. काय उघडते, कुठं लपते, कुणाला हाका मारते."

"मॅडम, मेलेलं माणूस फाइलीत ऱ्हातं का?"

वर्ग हसला. अर्पिता मॅडम हसल्या नाहीत. "कधीपासून बोलतंय?"

"खंडेनवमीपासून."

खंडेनवमीला कचेरीत सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. प्रिंटरला झेंडू, मॉनिटरला कुंकू. महाराजांनी आरतीचा पेन ड्राइव्ह दिला होता, तो एकेका कॉम्प्युटरला प्रसादासारखा लावून आरती वाजवली होती.

"तो पेन ड्राइव्ह कुठं आहे?"

"पर्समध्ये. साहेब म्हणाले, सोबत असू द्या, प्रवासात राखण व्हईल."

बरणीतल्या कॉम्प्युटरवर आरती सुरू झाली. टाळ वाजले. फाइलीचं नाव आरतीचं, तिच्यावरचं चित्र गाण्याचं. पण ती फाइल गाणं नव्हती, प्रोग्रॅम होता. टाळ वाजत असतानाच त्यानं आपली एक नक्कल आतल्या कोपऱ्यात दडवली, कॉम्प्युटर चालू झाला की आपणही चालू व्हायची सोय करून घेतली आणि बाहेरच्या एका पत्त्याला हाका मारायला लागला. मारतच राहिला. बरणीत उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

"त्या पत्त्यामागं जो बसलाय," अर्पिता मॅडम म्हणाल्या, "तुमचा माउस आणि कीबोर्ड त्याच्या हातात आहे."

"म्हंजी ते आमचे हे न्हाईत."

"नाही, ताई."

सत्यभामानं मान हलवली. चहाची वेळ झाली होती. तिनं चहा घेतला.

शुक्रवारी पुन्हा गर्दी. अंगठ्याचं मशीन पुसून ठेवलेलं. पडद्यावर अक्षरं येऊ लागली: ‘सत्यभामा, अंगठा ला’

कॉम्प्युटर बंद करू नका, पुरावा जाईल, असं अर्पिता मॅडमनी बजावलं होतं. सत्यभामानं वाकून मागची नेटची केबल तेवढी उपटली.

‘ला’वरच सगळं थांबलं.

"आत्मा रुसला!" महाराज ओरडले.

तिनं केबल परत लावली. जरा वेळानं रुसवा गेला: ‘व लवकर’. तिनं पुन्हा उपटली. पुन्हा शुकशुकाट.

"अगं बया," चन्नम्मा म्हणाली, "आत्म्याला वायर लागती व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. तेवढ्यात महांतप्पा खिडकीतून ओरडला, "साहेब, मल्लेशशेठ जीपमध्ये बसून लॅपटॉपला थापडा मारायलेत!"

जाऊन बघितलं, तर लॅपटॉपवर कचेरीचाच पडदा उघडा होता, ‘ला’वर अडकलेला. पोलीस आले. महाराज म्हणाले, "मी निस्ती आरती दिली." साहेबांनी चपला घातल्या. चन्नम्माचं रान चन्नम्माच्या नावावर राहिलं.

कॉम्प्युटरला हळद-कुंकू जरूर वाहावं, त्याला त्रास होत नाही. पण कुणी दिलेलं काहीबाही त्याच्या तोंडात घालू नये. आणि मेलेलं माणूस बोलायला लागलं, तर हात जोडण्याआधी केबल काढून बघावी. खरा आत्मा असेल तर रागावणार नाही.

तपासणी होऊन कॉम्प्युटर परत आला तेव्हा सत्यभामानं स्वतःच केबल लावली. कोरं पान उघडलं. कर्सर लुकलुकत राहिला. ती थोडा वेळ बघत बसली.

"अगं, ऐकलं का," असं कुणी म्हणालं नाही. तिनं चन्नम्माचा दाखला टाइप करायला घेतला.