रातकिडे आणि विहीणबाई

थोरली सून या घरात आली तेव्हा माहेराहून एक बरणी घेऊन आली होती. बरणीत पंखवाल्या वाळव्या होत्या, मंद आचेवर भाजून मीठ लावलेल्या. तिच्या आईने त्या स्वतः पाखडल्या होत्या. पंख पाखडताना आई गाणं म्हणायची, तेही पाखडल्यासारखं. हलके शब्द वाऱ्यावर, जड शब्द सुपात.

सासूबाईंनी झाकण उघडलं, आत डोकावल्या, आणि बरणी चिमटीत धरून थेट नाल्यात नेऊन टाकली. ओटा तीनदा धुतला. "जंगली लोक," एवढंच म्हणाल्या, पण तेवढं अकरा वर्षं पुरलं. त्या अकरा वर्षांत थोरलीच्या आईने या घराचा उंबरा ओलांडला नाही. नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेही बसस्टँडच्या बाकावर. थोरलीचं मागणं फार नव्हतं. आईला या घरातून एकदा कुणीतरी आपणहून "या" म्हणावं.

मग धाकटा दीर परदेशातून स्वयंपाकाची पदवी घेऊन आला आणि त्याने हॉटेल काढलं. काळ्या भिंती, काळ्या थाळ्या, आणि उजेड एवढासा की पुढ्यात काय आलंय ते दिसू नये. एका परीने ते बरंच होतं, कारण कार्डावरचा पहिला पदार्थ होता भाजलेले रातकिडे. त्याखाली बारीक अक्षरांत प्रवचन: कुठे टोळ तळतात, कुठे गांधीलमाशीच्या अळ्या भातात घालतात, कुठे रेशमाचे किडे उकडून विकतात, पृथ्वी वाचवायची तर आपणही तोंड उघडलं पाहिजे.

सासूबाईंना लगेच पृथ्वीची काळजी लागली. शेजारणींना घेऊन त्या रोज हॉटेलात जाऊ लागल्या. काट्याला एक रातकिडा टोचायच्या, डोळे मिटायच्या आणि औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळायच्या. "अगदी बदामासारखा," असं म्हणून शेजारणींकडे बघायच्या. चावलाच नाही तर बदाम कुठून लागला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. शेजारणींनाही बदाम लागला. कागदी रुमालात गुंडाळलेले बदाम त्या जाताना टेबलाखाली सोडून जायच्या.

घात केला तो वर्तमानपत्रात हॉटेलांवर लिहिणाऱ्या गृहस्थाने. त्या भाबड्या माणसाने रातकिडा खरोखर चावला. पाय घशात अडकला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, मग म्हणाला, "यात माती आहे का हो? कडूही लागतंय. रविवारी फोटोग्राफरला घेऊन पुन्हा येतो, तेव्हा नीट करा. नाहीतर लागलं तसं लिहीन."

त्याच संध्याकाळी धाकटा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. थोरली भाजी निवडत होती.

"वहिनी, तुमच्या माहेरी हे करतात ना?"

"जंगली लोक करतात, भावोजी."

"ते राहू द्या हो. कडू कशानं लागतंय ते सांगा."

"जिवंत येतात ना? खोक्यातून काढले की लगेच तव्यावर?"

"छे. चांगले चार पाण्यांत धुऊन."

"बाहेरून धुतलेत. पोटात काय आहे ते कोण धुणार?" थोरली तिथेच थांबली. पुढचं तिला तोंडपाठ होतं. "बाकीचं माझ्या आईला विचारा."

"मग लावा ना फोन."

"मी का लावू? ज्यांनी बोलणं तोडलं त्यांनी लावावा."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "मी? मी काय बोलणार त्या बाईशी?"

"आई, रविवारी फोटोग्राफर येतोय," धाकटा म्हणाला.

अकरा वर्षांत लाजेला जे जमलं नाही ते फोटोग्राफरने केलं. सासूबाईंनी फोन लावला. धाकट्याने स्पीकर चालू केला.

"विहीणबाई, बऱ्या आहात ना? बऱ्याच दिवसांत बोलणं नाही."

"अकरा वर्षं," पलीकडून आवाज आला. "पण दिवसच म्हणा, चालेल."

सासूबाईंनी अडचण सांगितली. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या.

"रातकिडे? तुमच्यात रातकिडे खातात?"

"आता सगळेच खातात, विहीणबाई. परदेशात तर..."

"असेल बाई. आमच्याकडे कोंबड्यांना घालतो."

थोरलीने मान भाजीत खुपसली.

पण म्हातारीने हात आखडता घेतला नाही. "नाकतोडे करायचो तसंच करा. एक दिवस उपाशी ठेवा, पोट साफ होतं. मग पाय तोडा, पंख तोडा, आणि मंद आचेवर घ्या. आणि पोराला सांगा, वाढायच्या आधी स्वतः एक चावून बघ."

धाकटा खाली मान घालून लिहून घेत होता. शेवटचं वाक्य त्याने लिहिलं नाही.

सासूबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. सून त्यांच्याकडेच बघत होती, डोळे न हलवता. "रविवारी याच तुम्ही," त्या शेवटी म्हणाल्या. "समोर असलात म्हणजे काही चुकायला नको. दुपारी जेवायलाच या."

थोरलीच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली.

"येईन की. लेक आहे, नातू आहे, का नाही येणार?" म्हातारी म्हणाली. "पण डबा माझा मी घेऊन येईन हो. राग मानू नका, विहीणबाई. तुमच्या घरात काय काय खातात, कुणाला ठाऊक."

थोरली उठली. भाजी पातेल्यात टाकली, नळ मोठा सोडला, आणि पाण्याच्या आवाजात पोटभर हसून घेतलं.