दुसरी कॅसेट बर्नीकडे

आल्बमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच मोबाईलवर शोधतात, दीड गाणं ऐकतात आणि म्हणतात, "हो गं, छान आहे, जरा आरडाओरडा आहे." माझं डोकं फिरतं. इंग्लंडातले पाच केसाळ बाप्ये, दोन कॅसेटींचा जाडजूड डबा, कव्हरवर पाण्यात उतरत गेलेला जिना. एवढं पुरे.

तो डबा मी आणि बर्नाडेटनं, म्हणजे माझ्या बर्नीनं, मिळून घेतला. तेव्हा आम्ही दोघी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. मी डोंबिवलीची, गुरुवारी उपास करणारी. ती ठाण्यातल्या गावठाणातली ईस्ट इंडियन ख्रिश्चन, रविवारी चर्चमधला मास न चुकवणारी. आमच्या ऑफिसात सगळे जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकणारे, त्यात या दोन बायकांना इलेक्ट्रिक गिटारचं खूळ. एकटीला डबा परवडेना म्हणून निम्मे निम्मे पैसे घातले, आणि आता घरी कुणी न्यायचा यावरून दुकानाच्या पायरीवरच भांडलो. शेवटी ठरलं. पहिली कॅसेट एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि दर महिन्याला पगाराच्या दिवशी अदलाबदल. जी हातात आहे तीच ऐकायची. नियम म्हणजे नियम.

कंपनी बंद पडली, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, पण अदलाबदल चालू राहिली. पगार नसला तरी महिना असतोच की. तलावपाळीवर भेटायचं, कॉफी प्यायची, नवऱ्यांना नावं ठेवायची, कॅसेट बदलायची आणि आपापल्या घरी जायचं. केदार, म्हणजे माझा नवरा, त्याला "तुमची भिशी" म्हणायचा. मधे साकेतनं, माझ्या मुलानं, अख्खा आल्बम फोनमध्ये टाकून दिला. मी म्हटलं, "काढ तो." तो म्हणाला, "आई, तू वेडी आहेस का गं?" मी म्हटलं, "हो."

आता यातली खरी गंमत सांगते. मला आवडायची दुसरी कॅसेट. तिच्यातलं शेवटचं गाणं लांबलचक आहे, जवळजवळ काहीच वाजत नाही अशा ठिकाणी सुरू होतं. पुढे एका जागी गाणारा एकदम थांबतो आणि नुसती गिटार उरते. तिथे मी रडते. दर वेळी. पोळ्या लाटताना रडलेय, सासूबाई समोर बसलेल्या असताना रडलेय. बर्नीला मात्र ते गाणं अजिबात चालायचं नाही. "फादरच्या सर्मनसारखं आहे ते, संपतच नाही," म्हणायची. तिचा जीव पहिल्या कॅसेटवर, कारण तिच्यात सगळी पळती गाणी. दुसरी तिच्याकडे असायची तो महिना तिचा लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ. "तुझी पोर सांभाळते मी महिनाभर," म्हणायची, आणि कॅसेट परत देताना तिच्यावरची धूळ मुद्दाम फुंकायची. मी चिडायचे. मी चिडावं म्हणूनच ती फुंकायची.

या फेब्रुवारीत बर्नी गेली. सकाळी भाजी आणायला निघाली आणि दारातच बसली, ती बसलीच. तिच्या नवऱ्याचा, ह्युबर्टचा, फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "बरं." लक्षात घ्या, "बरं" म्हटलं मी. जसं काही तो म्हणाला होता की आज पाणी येणार नाही.

चर्चला गेले, सिमिट्रीत गेले, इतरांबरोबर मूठभर माती टाकली. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. येताना मेथी घेतली आणि घरी येऊन ती निवडली. जाऊबाई म्हणाल्या, "किती खंबीर आहेस गं!" खंबीर कसली डोंबलाची, धोंडा झाला होता माझा. खाल्लेलं कळत नव्हतं. साकेतनं नवी नोकरी लागल्याचं सांगितलं, तर त्याला पेढ्याऐवजी डाळीचा डबा नेऊन दिला. सगळ्यात वाईट म्हणजे, जिच्या एका हाकेसरशी सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठतो, ती मी कुणावर ओरडेनाशी झाले. घरात शांतता पसरली. केदार घाबरला. "एकदा रडून घे गं," म्हणायला लागला. अरे, मी काय मुद्दाम धरून ठेवलंय का?

मग एके दिवशी भांडी लावताना सुचलं. दुसरी कॅसेट! ती बर्नीकडेच राहिलेली, तिचा महिना कधीच उलटून गेलेला. ते शेवटचं गाणं ऐकलं तर मी रडेन. नक्की रडेन, कधीच चुकलेलं नाही. फोनवर ऐकता आलं असतं, पण नियम होता. आणि खरं सांगू? भीतीही होती. फोनवर ऐकलं आणि तरी काही झालं नाही तर? मग मी अशीच राहणार होते.

पहिली कॅसेट पर्समध्ये टाकली. हातातली दिल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही, असंच होतं आमचं. गेले ठाण्याला.

ह्युबर्टनं दार उघडलं. पाणीखात्यातून रिटायर झालेला साधा माणूस, शर्टाच्या खिशाला दुखवट्याची काळी फीत. "ये, बस ना ऋजुता. चाय टाकतो," म्हणाला. चहा अति गोड होता. ओटा चकचकीत होता, बर्नीच्या राज्यात कधी नव्हता इतका. फोटोसमोर दिवा, बाजूला तिचा जुना कॅसेट प्लेअर. आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो, त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो. मग मी म्हटलं, "ह्युबर्ट, बर्नीकडे एक कॅसेट होती. ती न्यायला आलेय."

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला असावा तसा.

"ती ना? ती मी तिच्याबरोबर दिली," तो म्हणाला. "एका हातात रोझरी दिली आणि ड्रेसच्या खिशात ती कॅसेट ठेवली. सगळे विचारत होते, कशाला? मी म्हटलं, तिचा जीव होता तिच्यावर."

मी कप खाली ठेवला.

"शवपेटीत?"

"हो ना."

"अरे, ती माझी होती!"

माझा आवाज असा निघाला की शेजारची बाई गॅलरीत आली. मी उभीच राहिले. "माझा टर्न होता! महिना संपलेला! कुणाला न विचारता पुरून टाकलीस? आणि तीसुद्धा तिला न आवडणारी! ती कॅसेट तिला आवडत नव्हती ह्युबर्ट, ती नुसती सांभाळायची माझ्यासाठी! तिची आवडती ही आहे, ही!" पर्समधून कॅसेट काढून मी त्याच्यापुढे टेबलावर आपटली. "इतकी वर्षं संसार केलास आणि एवढं माहीत नाही तुला?"

ह्युबर्टला मी कधी चिडलेलं पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"मला काय माहीत दोन आहेत ते?" तो ओरडला. "घरात एका वेळी एकच दिसायची! मी विचारायचो तर म्हणायची, तुला नाही कळणार, ते माझं आणि ऋजूचं आहे. मग मी काय करायचं? मला जे सापडलं ते दिलं! पाहिजे तुला? मग थांब! जागा नाही म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात आमच्यात, तेव्हा ये आणि घेऊन जा!"

दोघंही धापा टाकत होतो. शेजारीण "काय झालं हो?" म्हणाली, तिला दोघांनी एकदम "काही नाही!" म्हणून आत घालवलं.

मग तो खुर्चीत बसला आणि टेबलावरची कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करून बघायला लागला.

"म्हणजे मी तिला चुकीची दिली," तो म्हणाला.

मी खोटं बोलायला हवं होतं. कुणीही बोललं असतं. पण मला जमलं नाही. मी म्हटलं, "हो."

तो उठला, प्लेअरमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आवाज इतका हळू ठेवला की मुंगीलाच ऐकू जावा.

"वाढव," मी म्हटलं.

"घरात दुखवटा आहे."

"ह्युबर्ट, तिला हळू वाजवलेलं चालायचं का?"

त्यानं वाढवला. बर्नीची पळती गाणी त्या चकचकीत घरात धडाधडा वाजायला लागली. त्यानं आयुष्यात ती कधी नीट ऐकलेली नसणार, पण मान खाली घालून एकेक ऐकत होता. मधेच विचारायचा, "हे आवडायचं तिला?" मी "हो" म्हणायचे. "आणि हे?" "हे तर फारच." त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं, तो पुसतही नव्हता. मी मात्र कोरडी. मी मांडीवर पर्स धरून बसलेले, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशी. मनात एवढंच येत होतं, हा बिचारा रडतोय आणि मी साधी त्याच्या खांद्यावर हात ठेवत नाही.

एक बाजू झाली. त्यानं उलटी करून घातली. तीही झाली. प्लेअर खट्कन बंद पडला.

"संपलं?" त्यानं विचारलं.

"ही संपली. पुढची बर्नीकडे आहे," मी म्हटलं. "भेटली की घेते तिच्याकडून."

अगदी सहज म्हटलं. इतकी वर्षं घरात कुणी विचारलं की हेच उत्तर द्यायचे मी. ह्युबर्ट माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोलले ते मला तेव्हा ऐकू आलं. भेटली की. कुठे भेटणार होती? या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ह्युबर्ट," मी म्हटलं, "अरे, बर्नी मेली रे."

जशी काही ही बातमी मीच त्याला पहिल्यांदा देत होते.

"हो गं," तो म्हणाला.