ओव्हरलॉक, उत्तम स्थितीत

माझ्या धाकट्या भावाला मशीन कळतं, माणूस कळत नाही. हे मला तो शाळेत होता तेव्हापासून माहीत आहे. तरीही मी त्यालाच बरोबर नेलं, तेव्हा शहाणी कोण ते तुम्हीच ठरवा.

तो शिलाई मशीनं दुरुस्त करतो. मशीन सुरू केलं की डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, खालचा लूपर, म्हणजे दोरा ओढणारा आकडा, केसभर मागे आहे. लोक घरी बोलावतात, हा जातो, हात काळे करतो, पैसे सांगायची वेळ आली की लाजतो. मी त्याला म्हणते, अरे, तू सुईचं नाक ओळखतोस, समोरच्याचा चेहरा एकदा तरी बघत जा. तो हसतो. त्याच्या त्या हसण्यावर मला लहानपणापासून राग येतो.

मी शिवते. घराच्या पुढच्या खोलीत कटिंगचं टेबल, दोन साधी मशीनं आणि एक ओव्हरलॉक. कापडाची कड कापत कापत तिच्यावर दोऱ्यांची वीण घालतं ते ओव्हरलॉक. ते नसेल तर शिवलेला कपडा चार धुण्यांत कडेने सुटायला लागतो. एका दवाखान्याने दोनशे पांढऱ्या कोटांची ऑर्डर दिली आणि त्याच आठवड्यात माझ्या ओव्हरलॉकचा मुख्य दांडा तुटला. भावाने ते उघडलं, पुन्हा झाकलं आणि म्हणाला, याला आता निरोप दे. कोट तीन आठवड्यांत द्यायचे होते. वेळेत गेले तर दरवर्षीचं काम माझं, नाहीतर ते पळवायला एक कपड्यांचा कारखानेवाला जिभल्या चाटत बसलेलाच होता. नवं मशीन परवडणारं नव्हतं. म्हणून मी फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागले.

मी काही दुधखुळी नाही. आधी माहिती काढली, चार फसलेल्या लोकांशी बोलले आणि कटिंगच्या टेबलावर खडूने लिहून काढलं: भेट दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत. आगाऊ एक पैसाही नाही. मूळ बिल बघायचं, मशीनवरचा नंबर बिलाशी ताडायचा. विकणाऱ्याचं ओळखपत्र, त्याचा फोटो. पैसे खात्यातून, म्हणजे मागे खूण राहते. भावाने ते वाचलं आणि विचारलं, "ताई, मशीन घ्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?"

जाहिरात होती: 'ओव्हरलॉक, पाच दोरे, उत्तम स्थितीत, घरगुती अडचणीमुळे विकणे.' किंमत अशी की फार स्वस्त म्हणून शंका यावी अशीही नाही आणि सोडून द्यावी अशीही नाही. ती किंमत ठरवणारा माणूस पक्का होता, हे मला आता कळतं.

तो भेटला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये. माणसांच्या वर्दळीत बोलावलं तर म्हणाला, एवढं जड मशीन रस्त्यावर कसं आणू? पटलं. पहिला नियम तिथेच गेला. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मधाळ. मशीन मावशीचं, मावशी मुलीकडे राहायला गेली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की चांगल्या हातात दे. मावशीच्या डोळ्यांतलं पाणी ऐकून माझा भाऊ विरघळला.

मग त्याने मशीन सुरू केलं. मी घरून कोटाच्या कापडाचे तुकडे नेले होते, ते त्याने एकापाठोपाठ एक घातले. डोळे मिटले. वीण अशी पडत होती की मीही बघत राहिले. तो म्हणाला, "ज्याने हे लूपर बसवलेत ना ताई, त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं."

मी म्हटलं, खालचं झाकण उघडून बघ. तो म्हणाला, चालत्या मशीनचं पोट फाडू नये. हा त्याचा नियम. इतका गुळगुळीत चालणारा जोड एकदा सोडला की तसाच परत बसेल याची खात्री नसते, हे त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. मी बिल मागितलं. इस्त्रीचा शर्ट म्हणाला, मावशीकडे आहे, फोटो पाठवतो. नंबराची पट्टी कुठे आहे विचारलं. मशीनला नवा रंग होता आणि पट्टीच्या जागी नुसती दोन भोकं. रंग देताना काढली असेल, असं विकणारा नाही, माझा भाऊच म्हणाला. आणि वर मला बाजूला घेऊन, "ताई, कागद काय शिवायचाय? मशीन बोलतंय की. ज्याने याची एवढी निगा राखली तो माणूस वाईट असेल का?"

खाली मोटर चालू होती, डोक्यात दोनशे कोट होते. शर्टवाल्याचं खातं नेमकं त्याच दिवशी बंद होतं. मी रोख दिले. खडूने लिहिलेलं सगळं मी माझ्याच हाताने पुसलं, आणि त्या वेळी भावावर विश्वास ठेवला याचं मला बरंही वाटलं.

दोन दिवस मशीन वाऱ्यासारखं चाललं. चाळीस कोट झाले. बिलाचा फोटो काही आला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ तेल घालायला आला. आता नियम बाजूला ठेवणं भाग होतं, तेलासाठी खालचं झाकण काढावंच लागतं. त्याने ते काढलं, आत बॅटरी मारली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मी दोनदा हाक मारली.

आत खालच्या लूपरला धरून ठेवणारा स्क्रू पितळी होता. सगळे लोखंडी आणि एकच पितळी. त्याच्या डोक्यावरची खाच डावीकडे झुकलेली होती. भाऊ करवतीने खाच पाडतो तेव्हा ती डावीकडेच झुकते. मूळ स्क्रू बाजारात मिळेना, म्हणून त्याने एका जुन्या दिव्याचा भाग कानशीने घासून तो बनवला होता. पाच महिन्यांपूर्वी, पलीकडच्या गल्लीतल्या पडदेवाल्या काकूंच्या मशीनसाठी.

म्हणजे गॅरेजमध्ये उभा राहून हा गडी ज्याचे पाय धुऊन पाणी प्यायला निघाला होता, तो हाच. स्वतःचीच कारागिरी बघून भाळला आणि तीच विकणाऱ्याच्या सचोटीचा दाखला म्हणून मला दिली. मी हसले असते. पण तो म्हणाला, काकूंचं मशीन विकलेलं नाही, चोरीला गेलंय, मी ऐकलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आईने केलेल्या लाडांपासून सुरू करून त्याच्या अकलेपर्यंत आले. फोन लावला तर नंबर बंद, जाहिरात गायब. गॅरेजवर गेले तर तिथे तिसराच माणूस टायर लावत बसलेला, त्याला गॅरेज तासावर भाड्याने द्यायचं एवढंच ठाऊक. पोलिस ठाण्यात गेले. टेबलामागच्या माणसाने विचारलं, विकणाऱ्याचं नाव? माहीत नाही. बिल? नाही. पैसे दिल्याचा पुरावा? नाही. मग त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, मशीन आणून जमा करा, आणि चोरीचा माल घेणाऱ्यालाही कायदा आहे हे लक्षात ठेवा. मी माझं नाव न सांगताच बाहेर आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी स्वतःच नेऊन दिला होता.

भाऊ म्हणाला, आजच्या आज काकूंकडे नेऊ.

मी नाही म्हणाले. एकशे साठ कोट बाकी होते. मी म्हटलं, पाच महिने त्या बाईने मशीनशिवाय काढलेत, आणखी आठ दिवसांनी तिचं काय बिघडतंय? माझं सगळं बिघडेल. पैसे गेले ते गेले, ऑर्डरही घालवू का? चूक तुझी, भरपाई मी का करू? हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं, कारण मला माहीत होतं की त्यावर तो गप्प बसेल. तो उठून बॉबिनं भरायला बसला.

आठ दिवस मशीन चाललं. तो रोज येई, बॉबिनं भरून देई, कोटांची बटणं लावी, पण त्या मशीनला हात लावत नसे. मी त्याच्यावर चिडचिड करत राहिले. बटण सैल आहे म्हणून, चहा सांडला म्हणून, काहीच न बोलता बसतो म्हणून. रात्री झोप लागत नव्हती, त्याचाही राग त्याच्यावरच. नवव्या दिवशी सकाळी दोनशे कोट दवाखान्यात पोचले, आणि दुपारी आम्ही मशीन टेम्पोत घातलं.

पडदेवाल्या काकू साठीच्या. त्यांच्या दुकानाच्या आतल्या खोलीत पडद्यांचे गठ्ठे छतापर्यंत आणि मधोमध मशीनचं रिकामं लाकडी टेबल. त्या हाताने कड दुमडून टाके घालत होत्या. पाच महिने त्यांनी तसंच काम केलं होतं, बोटांना पट्ट्या लावलेल्या दिसत होत्या. ते बघूनही मी मनात म्हटलं, आता दिलं ना परत.

भावाने मशीन आणून ठेवलं. काकूंनी त्याच्यावर हात फिरवला. मग भावाकडे बघितलं, आणि त्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तू दुरुस्त करून गेलास आणि दोन दिवसांनी कुलूप फुटलं. मशीन आतल्या खोलीत असतं हे बाहेरच्या कोणाला माहीत होतं? मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, याला घरात घेऊ नका."

म्हणून त्या गल्लीतून पाच महिन्यांत त्याला एकही फोन आला नव्हता. आम्ही समजत होतो, धंदा मंद आहे.

भावाने सांगायला सुरुवात केली. जाहिरात, गॅरेज, इस्त्रीचा शर्ट, मावशी. त्याच्या तोंडून ते सगळं इतकं खोटं वाटत होतं की मला ऐकवेना. काकूंनी शांतपणे विचारलं, "कोणाकडून घेतलंस त्याचं नाव?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "कागद?" पुन्हा तेच. मग त्यांनी विचारलं, "माझं आहे हे कधी कळलं तुला?"

माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "आठ दिवस झाले."

"आणि आठ दिवस काय केलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी पैजेवर सांगते, एकदाही बघितलं नाही. तो खाली टेबलाच्या पायाकडे बघत उभा राहिला. मी, जी टेम्पोवाल्याशी दोन पावलांच्या भाड्यावरून भांडते, जिने त्या टायरवाल्यालाही सोडलं नाही, ती मी पडद्यांच्या गठ्ठ्याला टेकून उभी होते. ओठांवर एकच वाक्य होतं: मी थांबवलं त्याला. तीन शब्द. ते म्हटले असते तर पांढऱ्या कोटांचं सगळं बाहेर आलं असतं. दवाखाना चार गल्ल्यांवर आहे आणि काकूंची जीभ पाच महिन्यांत काय करू शकते ते मी नुकतंच ऐकलं होतं. मी एवढा हिशेब केला. त्या दोन क्षणांत केला.

काकू म्हणाल्या, "चुकतं माणूस. परत आणलंस, तेवढी लाज आहे. मी पोलिसांत जात नाही. पण या गल्लीत पुन्हा यायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही बहीण ना? तुम्हीच आणायला लावलं असणार. घरात असं माणूस म्हणजे किती सोसावं लागतं, मी समजू शकते."

मी मान खाली घातली. त्यांनी ती होकार म्हणून घेतली असेल, आणि घ्यावी असंच मला त्या क्षणी वाटत होतं.

टेम्पोत बसल्यावर मी भावावर ओरडले. सांगता येत नाही का तुला, तोंड नाही का, आठ दिवसांचं कोणी सांगितलं होतं बोलायला. टेम्पोवाला आरशातून बघायला लागला तरी थांबले नाही. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर होता ते मला व्यवस्थित माहीत होतं.

माझं संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग हाताचं तेल पुसत म्हणाला, "ताई, दवाखान्यात कोट मोजून घेतले ना? सगळे पास झाले?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला मारता येत नाही. त्याला खरंच काळजी होती.

मी म्हटलं, "हो. सगळे झाले."