घोटे जुळले

अमळनेरजवळच्या मठात त्या अमावस्येला पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर माझी भाची प्राची उभी होती, कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत लाल साडी गुंडाळलेली. गुडघे एकमेकांना टेकले की जिच्या घोट्यांमध्ये वीतभर अंतर राहायचं, तिचे घोटे आज साडीखाली एकमेकांना चिकटले होते. माणसं हात जोडून रडत होती. महाराज सांगत होते, हाड म्हणजे ओली माती, फक्त कुंभार खरा पाहिजे. एवढा खरा कुंभार, पण पोरीला चालवून दाखवायला तयार नव्हता. पाऊल उचललं की म्हणे कृपा सांडते. म्हणून तिला उचलून आणायचं आणि उचलूनच न्यायचं.

मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी न कळवता धुळ्याहून बहिणीकडे आलो आणि तिला शोधत मठात पोहोचलो होतो. प्राचीला हाडांच्या वाढीचा जन्मजात आजार आहे. तिची आई, म्हणजे माझी लीलाअक्का, आणि मी, दोघांना धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी नीट समजावलं होतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला धातूची छोटी पट्टी बसवायची. ती बाजू थोपवली जाते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. मात्र हाड वाढतंय तोवरच. अक्का तेव्हा हो म्हणाली. मग दर वेळी फोनवर सांगायची, गुण येतोय, ऑपरेशन राहू दे. सख्ख्या बहिणीवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? मी थांबलो.

गर्दीतून पुढे जाऊन मी म्हणालो, "प्राची, ये माझ्याकडे."

तिनं आईकडे पाहिलं. अक्कानं मान खाली घातली. प्राची उतरली आणि गुडघ्यावर गुडघा घासत, पावलं बाहेर फेकत माझ्यापर्यंत आली. महाराजांनी लगेच जाहीर केलं की नास्तिकाची सावली पडली.

बाहेर ओट्यावर मी विचारलं, घोटे जुळले कसे? तिनं साडी सोडली. आत शाळेचा स्कर्ट होता. डावा गुडघा तिनं उजव्याच्या मागे सरकवला आणि घोटे जुळले. गुडघे साडीत झाकलेले असले की लोकांना दिसतात फक्त घोटे.

"आईनंच शिकवलं, मामा. साडीपण तीच नेसवते."

"बठ्ठा लोके मन्ही पोरना पायच दखतस," मागोमाग आलेली अक्का रडत म्हणाली. "महाराज बोलना, आज दखाड, उद्या खरं व्हई." सगळे पोरीचे पायच बघतात, म्हणून आज नुसतं दाखव, उद्या खरं होईल, असं महाराजानं तिला पटवलं होतं.

महाराजाचं मला नवल वाटलं नाही, फसवणं हा त्याचा धंदाच. पण घरात रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या माझ्या बहिणीनं मला फसवलं, आणि पोटच्या पोरीला त्यात सामील करून घेतलं. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

धुळ्यात नवा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याजवळची वाढीची रेघ मिटत आली आहे. पट्टीचा आता उपयोग नाही. हाड कापूनच सरळ करावं लागेल. प्राचीनं सगळं ऐकून घेतलं आणि अक्काला विचारलं, "आई, तुला तर माहीत होतं ना?"



ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. कोणी पाय सरळ केले म्हणालं, तर साडी, शाल सगळं बाजूला करा आणि मुलाला चालायला सांगा. डॉक्टरनं वेळ सांगितली असेल तर ती चुकवू नका. मुलाचं हाड आपल्या श्रद्धेसाठी थांबून राहत नाही.