खिडकीवाली गाय

दिग्रसजवळच्या तांड्यावर त्या सकाळी कामधंदा सोडून सगळे लोटले होते. मधोमध एक पांढरी गाय उभी होती. तिच्या डाव्या कुशीत चक्क गोल खिडकी, तिला रबरी झाकण! पचनानंद महाराज झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घालत, तरी गाय निवांत रवंथ करी.

"भक्तहो, कामधेनूचं पोट देवानं खास माझ्यासाठी उघडं ठेवलंय. काल आत दोन पिशव्या ठेवल्या. एकीत नुसतं सोयाबीनचं कुटार, दुसरीत कुटार अन् माझं भस्म." महाराजांनी पिशव्या ओढून काढल्या. पहिली तशीच भरलेली, भस्माची जवळजवळ रिकामी. "सगळं पचलं. आता सरकीची ढेप कायले पाहिजे?"

लोकांनी हात जोडले. सुखीबाईनंही जोडले आणि गाईची ढेप बंद करून नुसत्या कुटारावर, म्हणजे शेंगांच्या कोरड्या भुशावर, भस्म सुरू केलं. महाराजांचा मुक्काम लांबला, तशी तिची गाय वाळत गेली. एक दिवस बसली ती उठेचना.

जनावरांच्या डॉक्टर उर्वशीताई आल्या. त्यांनी सलाईन लावलं. "खायला काय देता?"

"कुटार अन् भस्म. ढेप महाराजानं पोटातल्या पिशव्या दाखवून बंद कराले सांगतली."

दुसऱ्या दिवशी सुखीबाईला घेऊन ताई थेट महाराजांपुढे उभ्या राहिल्या. "आज पिशव्यांची अदलाबदल करू. भस्म घातलेलं कुटार नुसत्या कुटाराच्या पिशवीत, नुसतं कुटार भस्माच्या पिशवीत."

"पिशव्या मंतरलेल्या हायेत. असं केलं तर गाय कोपते."

"गाय तं मायी कोपली, महाराज," सुखीबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच पिशव्या भरल्या. ताईंनी त्या आत ठेवल्या, झाकणावर चिकटपट्टी लावून सही केली. सगळ्या तालुक्याचं पचन सुधारणाऱ्या महाराजांचं पोट त्याच संध्याकाळी बिघडलं. पण तांड्यानं त्यांना हलू दिलं नाही.

सकाळी भस्माची पिशवी गच्च निघाली आणि नुसत्या कुटाराची रिकामी. ताईंनी दोन्ही उन्हात धरल्या. एकीचं कापड घट्ट होतं, दुसरीचं मच्छरदाणीसारखं.

"बारीक कुटार ह्या भोकांतून गळालं. ते पचलं नाही, सांडलं. आणि खिडकी देवानं नाही, डॉक्टरांनी केलेली आहे. चारा किती पचतो ते तपासायला संशोधनाच्या गाईंना अशी बसवतात. चारा पिशवीत भरून आत ठेवायचा, मग काढून धुवायचा, वाळवायचा, तोलायचा. जेवढा घटला तेवढा पचला. पण दोन्ही पिशव्या एकाच कापडाच्या लागतात. कोणी चमत्कार दाखवला तर आधी एवढं तपासत जा."

गाय कुठून आणली, ते महाराज पोलिसांना नीट सांगू शकले नाहीत. ते गाडीत बसले, तरी दोघीतिघी गाईच्या खिडकीला हळदकुंकू लावायला ताट घेऊन आल्याच.

सुखीबाई आडवी आली. सलाईन आणि ढेपेवर तिची गाय आता कुठं पाय टेकू लागली होती.

"हळद राहू द्या," ती म्हणाली, "उपाशी हाय ते गाय. वैरण आना."